पडदा काळा झाला म्हणजे...

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. तो सांगितल्यावाचून पुढील विवेचनाला अर्थ यायचा नाही, म्हणून आधी तोच सांगतो.

माझ्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे. दोन वर्षांपूर्वी आईने ब्लाउज शिवून साठविलेल्या पैशांतून तो सेकंडहँड घेतला. त्यावर विन्डोज १० ही प्रणाली होती. तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विन्डोज ११ ला टीपीएम २.० आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्रात दोन्हींचा पत्ता नाही. तेव्हा कन्नड माध्यमातून आलेल्या एका वर्गमित्राने सुचविले की, लिनक्स घाल, फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. त्यानेच पेनड्राइव्ह आणला, ‘सेफ ग्राफिक्स’ नावाचा पर्याय निवडून प्रणाली बसविली आणि दुसऱ्या दिवशी तो सुटीसाठी गावी निघून गेला.

त्याच संध्याकाळी यंत्र सुरू केले. कंपनीचे बोधचिन्ह आले, क्षणभर चार अक्षरे चमकली आणि पडदा काळाठिक्कर पडला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण चित्र नाही.

वडिलांच्या आग्रहाने दुरुस्तीच्या दुकानी गेलो. दुकानदाराने दोन मिनिटे यंत्र पाहिले आणि निकाल दिला, “ग्राफिक्सची चिप उडालीय. बोर्ड बदलावा लागंल. साडेआठ हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या की.”

घरी येऊन सांगितले तेव्हा आई पायमशीनवर बसली होती. त्या मशीनला मोटर बसवायची म्हणून ती वर्षभर पैसे बाजूला टाकीत होती. ती एवढेच म्हणाली, “मोटर पुढच्या वर्षी घेऊया. तुझी परीक्षा आहे.” त्या रात्री मला झोप आली नाही. चिप खरोखरच उडाली आहे काय, हे कळल्याखेरीज आईचे पैसे घ्यायचे नाहीत असे मी ठरविले. पुढील दहा-बारा दिवसांत जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडीत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, संगणकशास्त्राचा नव्हे. म्हणूनच कदाचित माझ्यासारख्यांना ते सहज समजेल.

चित्र पडद्यावर येते कसे?

आपण पडद्यावर जे पाहतो ते एका साखळीतून आलेले असते. पहिली कडी म्हणजे आपला प्रोग्रॅम, उदाहरणार्थ हिशेबाचा तक्ता. तो म्हणतो, “येथे चौकट काढा, येथे आकडा लिहा.” दुसरी कडी खिडक्यांची मांडणी करणाऱ्या व्यवस्थेची. लिनक्सवर हे काम पूर्वीपासून ‘एक्स’ ही व्यवस्था करीत आली. ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली जन्मली. २००८ पासून ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था तयार होऊ लागली आणि आता बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींत तीच आरंभापासून असते. तिसरी कडी ‘मेसा’ नावाच्या ग्रंथालयाची. रेखाटनाच्या सर्वसाधारण आज्ञांचे ते विशिष्ट चिपच्या भाषेत रूपांतर करते. चौथी कडी कर्नेलमधील ड्रायव्हर. पाचवी कडी म्हणजे प्रत्यक्ष ग्राफिक्स चिप. तिच्यापुढे पडद्याकडे जाणारी केबल, स्वतः पडदा आणि त्याच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट.

यांपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी आपल्याला दिसतो तो परिणाम एकच: पडदा काळा! दुकानदाराने पाचवी कडी तुटली असे सांगितले. पण चौथी तुटली नसेल कशावरून? तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी वहीच फाडून टाकीत नाही. चूक कोणत्या खात्यात आहे, ते आधी शोधावे लागते.

ड्रायव्हर हा दुभाष्या

आपल्या भागात दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बाजारात एकाला मराठी येते, दुसऱ्याला कन्नड. मध्ये दोन्ही जाणणारा उभा राहिला की सौदा होतो. ड्रायव्हर हा असाच दुभाष्या आहे. कर्नेल आपल्या भाषेत बोलतो, चिप आपल्या. दुभाष्या चुकीचा मिळाला किंवा मिळालाच नाही, तर दोघेही धडधाकट असून व्यवहार ठप्प होतो.

लिनक्सच्या बाबतीत हा दुभाष्या मिळण्याची अडचण का येते, यामागे थोडा इतिहास आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स याने हा कर्नेल लिहावयास घेतला. त्या वेळी तो अवघा एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याच वयाचा म्हणायचा. त्याला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची जोड मिळाली आणि कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी प्रणाली उभी राहिली. परंतु ग्राफिक्स चिप बनविणाऱ्या कंपन्या आपल्या चिपची भाषा उघड करायला सहसा तयार नसत.

यात इंटेलचे धोरण बरेच मोकळे राहिले. तिच्या चिपसाठी असलेल्या खुल्या ड्रायव्हरचे नाव ‘आय९१५’. हे नाव २००४ सालच्या एका चिपसेटवरून पडले आणि पुढील अनेक पिढ्यांना तेच चालले. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्यास आरंभ केला. तिचा ‘एएमडीजीपीयू’ हा ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नेलच्या ४.२ या आवृत्तीत आला. एन्व्हिडियाने मात्र दीर्घकाळ स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हरच दिला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन बाहेरून न्याहाळून तिची भाषा शोधून काढली आणि ‘नूवो’ हा ड्रायव्हर लिहिला. फ्रेंच भाषेत नूवो म्हणजे नवा. २०१० मध्ये तो कर्नेलमध्ये दाखल झाला. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना तोरवाल्ड्स यांनी एन्व्हिडियाच्या या असहकाराबद्दल जाहीर संताप व्यक्त केला होता. मे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला. पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढील चिपांनाच चालतो. जुन्या चिपवाल्यांना अजूनही नूवो तरी वापरावा लागतो, नाही तर बंदिस्त ड्रायव्हरची जुनी मालिका.

शिवाय पुष्कळ लॅपटॉपांत एक सोडून दोन चिप असतात. एक प्रोसेसरमधलीच, कमी वीज खाणारी. दुसरी वेगळी, जोरकस. दोघींचे दोन दुभाष्ये. त्यांपैकी एक अडखळला की दुसराही अडून बसतो. माझ्या यंत्रात नेमकी हीच जोडी होती.

पहिला प्रश्न: बिघाड यंत्राचा की प्रणालीचा?

सुटीवर गेलेल्या मित्राला फोन केला तेव्हा त्याने एक वाक्य सांगितले, “मोदलु नोडु, आमेले मुट्टु.” आधी पाहा, मग हात लाव. हे सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

पाहण्याच्या कसोट्या पुढीलप्रमाणे:

१. यंत्र सुरू होताना कंपनीचे बोधचिन्ह दिसते का? सुरू होताच एफ२ किंवा डिलीट यांसारखी ठरावीक कळ दाबून बायोसचा पडदा उघडता येतो का? हा पडदा लिनक्स चालू होण्यापूर्वीचा असतो. तो पाच-दहा मिनिटे स्वच्छ आणि स्थिर दिसत असेल, तर केबल, पडदा आणि बॅकलाइट बहुधा ठीक आहेत. तेथेही रेघा किंवा डाग दिसले, तर प्रणालीला दोष देऊ नये.

२. पडदा काळा असताना अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावा. पुसट चित्र दिसले, तर चित्र येत आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. (ओएलईडी पडद्याला वेगळा बॅकलाइट नसतो, त्याला ही कसोटी लागू नाही.)

३. एचडीएमआय केबलने दुसरा पडदा किंवा दूरदर्शन संच जोडावा. तेथे चित्र आले, तर बिघाड लॅपटॉपचा पडदा, केबल वा उजेड यांच्याकडे असण्याचा संभव वाढतो. आले नाही म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. काही यंत्रांत ते भोक दुसऱ्या चिपला जोडलेले असते.

४. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. ‘सेफ ग्राफिक्स’ या पर्यायाने चित्र येते आणि साध्या पर्यायाने येत नाही, असे आढळले तर संशय ड्रायव्हरवर.

५. काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरांचा साधा पडदा येऊन नाव विचारू लागला, तर कर्नेल जिवंत आहे. घोटाळा वरच्या कड्यांत आहे.

माझ्या यंत्रावर बोधचिन्ह दिसत होते, बायोसचा पडदा अर्धा तास स्थिर राहिला आणि पेनड्राइव्हवरून सेफ ग्राफिक्समध्ये चित्र व्यवस्थित आले. बोर्डच बाद झाला असता तर हे तीन्ही कसे घडले असते? मला पहिल्यांदा धीर आला तो येथे. अद्याप एकही स्क्रू काढला नव्हता आणि एकही रुपया खर्चला नव्हता.

तात्पुरता प्रकाश

यानंतरचे काम म्हणजे कसेही करून पडद्यावर काहीतरी दिसू लागणे. (येथून पुढील आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रापुढे त्या इंग्रजी छोट्या लिपीत टाइप कराव्यात.)

यंत्र सुरू होताना बोधचिन्ह जाताच एस्केप ही कळ दाबावी. जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट दाबून धरावी. ‘ग्रब’ नावाची यादी येते. पहिल्या ओळीवर असताना ‘इ’ हे अक्षर दाबले की काही ओळी उघडतात. त्यांत ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधून तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा. नो, मोड आणि सेट ही तीन पदे सलग लिहायची. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबावे.

या शब्दाचा अर्थ असा: पडद्याचा आकार, रंग, गती ठरविण्याचे काम २००९ पासून कर्नेलमधील ड्रायव्हर करू लागले. त्याला आपण सांगतो, “तूर्त तू मध्ये पडू नकोस, बायोसने जे साधे चित्र लावून दिले आहे तेच राहू दे.” चित्र ओबडधोबड येते, पण येते.

हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच असतो, हे ध्यानात ठेवावे. कायम करण्याचा मोहही टाळावा. आपल्या शास्त्रात तेरजेतील फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. तो फरक मिटविण्यासाठी टाकलेला असतो, वर्षानुवर्षे जपण्यासाठी नव्हे. नोमोडसेट हे असे सस्पेन्स खाते आहे. ते कायम ठेवले तर चिपचे काम प्रोसेसरवर पडते, यंत्र तापते, चलच्चित्र अडखळते आणि उजेड कमी-जास्त होत नाही.

रोजकीर्द वाचा

आता टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’, मग जागा सोडून आडवी रेघ व ‘के’ अशी आज्ञा द्यावी. यंत्रातील भागांची यादी येते. त्यात ‘व्हीजीए’, ‘डिस्प्ले’ किंवा ‘३डी’ असे शब्द असलेल्या ओळी पाहाव्यात. त्याखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ यापुढे जे नाव असेल, तो सध्या कामावर असलेला दुभाष्या. नावच नसेल, तर त्या चिपला दुभाष्या मिळालेला नाही.

लिनक्स आपल्या प्रत्येक कृतीची नोंद करून ठेवते. या नोंदवहीचे नाव ‘जर्नल’! हे वाचून मला हसू आले. मराठी शाळेत पुस्तपालन शिकताना जिला आपण रोजकीर्द म्हणत होतो, तीच ही. ‘जर्नलसीटीएल’ हा सलग शब्द, त्यापुढे आडवी रेघ व ‘बी’, पुन्हा आडवी रेघ व १ अशी आज्ञा दिली की, मागील वेळी यंत्र सुरू झाले तेव्हा काय काय घडले ते तारीखवार, सेकंदासह दिसते. शेवटच्या ओळींत ‘एरर’, ‘फेल्ड’, ‘टाइमआउट’ असे शब्द आणि त्यांजवळ ड्रायव्हरचे नाव शोधायचे.

येथे मराठी माध्यमातून आलेल्या मित्रांना एक सांगावेसे वाटते. इंग्रजीच्या त्या ओळी पाहून मी आधी दोन दिवस दचकून होतो. हे आपले काम नव्हे असे वाटले. मग लक्षात आले की रोजकीर्दीचीही सगळी नोंद कोणी पाठ करीत नाही. रक्कम, खाते आणि तारीख एवढेच पाहतात. तीनशे ओळींपैकी कामाच्या दोनच निघाल्या. दोन्हींत दुसऱ्या चिपच्या ड्रायव्हरचे नाव होते आणि तो उत्तराची वाट पाहून थकल्याची नोंद होती. पाचवी कडी शाबूत होती. चौथीच अडली होती.

उपाय, रोगानुसार

चिप एन्व्हिडियाची आणि प्रणाली उबुंटू वा तिच्या घराण्यातील असल्यास, सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ हे पान असते. तेथे ‘रेकमेंडेड’ असा शेरा असलेला ड्रायव्हर निवडावा. जुन्या चिपला जुन्या मालिकेचाच लागतो. सर्वांत मोठा आकडा सर्वांत चांगला, असे नव्हे. कंपनीच्या संकेतस्थळावरून वेगळा उतरवून घेण्यापेक्षा प्रणालीच्याच भांडारातला बरा, कारण कर्नेल बदलला की तोही सोबत जुळवून घेतला जातो.

ड्रायव्हर बसविला, तरी कामावर येत नाही? मग ‘सिक्युअर बूट’ पाहावे. ही बायोसमधली सुरक्षा आहे. ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर ती आत येऊ देत नाही. बसविताना प्रणाली एक परवलीचा शब्द ठरवायला सांगते आणि पुढच्या सुरुवातीस निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबली नाही, तर संधी जाते. तेथे ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच शब्द द्यायचा. मी पहिल्या वेळी घाबरून काहीच दाबले नाही! पडदा चालू झाला होता, पण दुसरी चिप झोपूनच होती. पुन्हा सर्व करावे लागले.

प्रणाली अद्ययावत केल्यानंतर चित्र बिघडले असेल, तर ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागील कर्नेल निवडावा. त्यावर चालले, तर दोष नव्या आवृत्तीशी ड्रायव्हर न जुळण्याचा.

इंटेलच्या चिपवर पडदा मधूनमधून लुकलुकत असेल, तर वीज वाचविणारी ‘पीएसआर’ ही सोय पुष्कळदा कारण असते. नोमोडसेटच्या जागी ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ लिहून पाहावे. उजेड कमी-जास्त होत नसेल, तर ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’, आणि नच जमल्यास शेवटचा शब्द ‘व्हेंडर’ करून पाहावा.

यंत्र चालते, पण फार मंद? सेटिंगमधील ‘अबाउट’ या पानावर ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले, तर चिप स्वस्थ बसली असून सगळी चित्रे प्रोसेसर काढीत आहे असे समजावे. बहुधा नोमोडसेट काढायचे राहून गेलेले असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य: एका वेळी एकच बदल. तो वहीत लिहावा, यंत्र पुन्हा सुरू करावे, परिणाम लिहावा. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. बिघडले तर परत कोठे जायचे, तेही कळत नाही. त्याआधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, हे वेगळे सांगणे न लगे.

दुसरी बाजू

यावरून दुकानदार सगळे लबाड, असा अर्थ कृपा करून काढू नये. माझी गोष्ट ऐकून शेजारच्या एका मुलीने आपला लॅपटॉप आणला. तिच्या पडद्यावर बायोसमध्येही रेघा दिसत होत्या आणि झाकण हलविले की त्या बदलत होत्या. पाच मिनिटांत समजले की हा रोग माझ्या वहीतला नव्हे. बिजागरीपाशी केबल झिजली होती. ती एका कारागिराने तिच्यासमोर बदलून दिली. कोणते काम आपले आणि कोणते कारागिराचे, हे आधी कळले की त्याचेही श्रम वाचतात आणि आपलेही पैसे.

माझा पडदा अकराव्या दिवशी नीट लागला. सुटीवरून परतलेल्या मित्राने आपल्या यंत्रावर सर्व पाट्या कन्नडमध्ये करून घेतल्या. मी माझ्यावर मराठीत. हीही या प्रणालीची एक सोय.

संक्रांतीच्या आठवड्यात आईच्या मशीनला मोटर बसली. लॅपटॉपच्या दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये आला. शून्य रकमेची नोंद रोजकीर्दीत करता येत नाही, असे आम्हांस शिकविले आहे. म्हणून ती येथे केली.